हात पुढे किती जातो? तोल मोजणारी रीच टेस्ट नीट समजून घेताना

वाळत घातलेला टॉवेल दोरीच्या पलीकडच्या टोकाला सरकला की आपण पाऊल न उचलता हात लांबवतो, तो ओढून घेतो आणि पुन्हा सरळ उभे राहतो. या दोन सेकंदांत शरीर बरंच काम करून जातं. हात हलायच्या क्षणभर आधीच पायांचे आणि पाठीचे स्नायू तयारीला लागलेले असतात. वजन टाचांकडून चवड्यांकडे सरकतं, पोटऱ्या ताणून धरतात, कंबर हिशेब सांभाळते. वय झालं, पक्षाघाताचा झटका येऊन गेला, मधुमेहाने तळव्यांची जाणीव बोथट झाली किंवा पार्किन्सन जडला, की नेमकं हेच साधं काम अवघड होतं. माणूस हात लांबवायचं टाळू लागतो, किंवा लांबवतो आणि तोल जातो.

ही क्षमता मोजायची सर्वांत साधी चाचणी म्हणजे फंक्शनल रीच टेस्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० साली मांडली. त्याआधी तोलाची हद्द नेमकी मोजायची तर बहुधा फोर्स प्लेट लागायची. पावलांखालचा दाब कुठे सरकतो हे टिपणारं ते महागडं यंत्र प्रयोगशाळेतच असायचं. डंकन यांच्या चाचणीला एक भिंत, एक मोजपट्टी आणि पाच मिनिटं पुरतात. म्हणूनच ती जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत पोचली, आणि म्हणूनच ती घाईघाईने, वाटेल तशीही घेतली जाते. भिंतीवर पट्टी चिकटवणं सोपं आहे, पण तिच्यावरचा आकडा खरा निघण्यासाठी बारकावे पाळावे लागतात.

तोल म्हणजे नेमकं काय

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या जरा खाली, शरीराच्या आत, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या पुढे असतो. जमिनीपासून उंची मोजली तर एकूण उंचीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही पावलांनी व्यापलेली जमीन आणि त्यांच्या मधली जागा मिळून आधारक्षेत्र होतं. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या क्षेत्राच्या आत पडतोय तोवर माणूस उभा राहतो. तो काठाबाहेर गेला की दोनच वाटा उरतात, पाऊल टाकायचं किंवा कशाला तरी धरायचं. दोन्ही जमलं नाही तर पडणं आलं.

आता हा काठ प्रत्यक्षात किती दूर असतो? पावलं न हलवता आणि शरीर काठीसारखं सरळ ठेवून निरोगी माणूस घोट्यातून पुढे सुमारे ८ अंश झुकू शकतो, मागे सुमारे ४ अंश, आणि दोन्ही बाजूंना साधारण ८-८ अंश. मागची हद्द इतकी तोकडी का, तर घोट्याच्या मागे टाच थोडीशीच असते आणि पुढे जवळजवळ अख्खं पाऊल असतं.

एक ढोबळ गणित करून बघण्यासारखं आहे. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईंचा खांदा जमिनीपासून सुमारे १२३ सेंटीमीटरवर असतो. त्या फक्त घोट्यातून ८ अंश पुढे झुकल्या तर खांदा, आणि त्याबरोबर समोर धरलेला हात, जेमतेम १७ सेंटीमीटर पुढे जातो. पण चाचणीत त्यांचा हात २५ सेंटीमीटर गेला, तर उरलेले ८ सेंटीमीटर आले कुठून? कंबरेतून वाकून, पाठीच्या कण्यातून, खांद्याचं फरं, म्हणजे खांद्यामागचं सपाट हाड, पुढे सरकवून किंवा धड फिरवून. हे उत्तर लक्षात ठेवा, कारण या चाचणीचा सगळा गुंता याच उरलेल्या सेंटीमीटरांत आहे.

चाचणी कशी घ्यायची

भिंत मोकळी हवी, समोर दीड मीटर तरी जागा हवी आणि फरशी कोरडी हवी. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते आणि मध्ये झोळ पडतो. शिवाय तिच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतात, त्यामुळे घाईत भलतीच बाजू वाचली जाते. लाकडी किंवा स्टीलची एक मीटरची पट्टी उत्तम. ती माणसाच्या खांद्याच्या वरच्या टोकाच्या हाडाच्या उंचीवर, जमिनीला समांतर लावायची. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, गवंड्याकडची छोटी पाणसळ पट्टीवर ठेवून बघा. प्रत्येकाची उंची वेगळी असल्यामुळे पट्टी वरखाली सरकवता येईल अशी सोय भिंतीवर कायमची करून घेतली तर रोजचा वेळ वाचतो.

कुणाची चाचणी घ्यायची हेही आधी ठरवावं लागतं. माणूस आधाराशिवाय निदान अर्धा मिनिट उभा राहू शकला पाहिजे आणि त्याचा हात समोरून खांद्याच्या रेषेपर्यंत, म्हणजे ९० अंश, वर आला पाहिजे. एक खांदा आखडलेला असेल तर दुसरा हात घ्या, आणि कोणता घेतला ते लिहा. पक्षाघातात चांगल्या बाजूचा हात घेतात. नुकतीच चक्कर येऊन गेलेली असेल, किंवा उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त. त्या दिवशीचा आकडा रक्तदाबाचा असेल, तोलाचा नसेल.

चप्पल-बूट काढून, पावलं सवयीच्या अंतरावर ठेवून, भिंत एका बाजूला येईल असं उभं करायचं. खांदा भिंतीजवळ असावा, पण लागलेला नसावा. पावलांच्या कडेने जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करा. ही खूण दोन कारणांसाठी लागते. पाऊल हललं का ते लगेच कळतं, आणि दीड महिन्याने पुन्हा चाचणी घेताना पावलं त्याच अंतरावर ठेवता येतात.

मग भिंतीकडचा हात समोर ९० अंशांवर उचलून मूठ वळायची. कोणता महिना ३१ दिवसांचा हे आपण मुठीवरच्या उंचवट्यांवर मोजतो, त्यातला मधल्या बोटाच्या मुळाशी असलेला उंचवटा पट्टीवर कुठे येतो ते वाचायचं. ही सुरुवातीची नोंद. सूचना प्रत्येकाला त्याच शब्दांत द्यायची, उदाहरणार्थ: "काकू, मूठ आवळून हात असाच समोर ठेवा. आता पाऊल न उचलता, भिंतीला न टेकता, हात जेवढा पुढे नेता येईल तेवढा न्या. तिथे जरा थांबा, आणि परत सरळ या." टोकाला दोन-तीन सेकंद थांबल्यावर तोच उंचवटा पुन्हा वाचायचा. दोन नोंदींतला फरक म्हणजे रीच.

दोन फेऱ्या सरावाच्या, मग तीन मोजायच्या आणि तिन्हींची सरासरी घ्यायची. समजा फरक आले २३, २४.५ आणि २४ सेंटीमीटर, तर सरासरी २३.८. सरावाच्या फेऱ्या वेळ वाचवण्यासाठी गाळल्या जातात, आणि तिथेच मोठी चूक होते. पहिल्या फेरीत माणूस घाबरलेला असतो, आपण पुढे पडू की काय हे तो चाचपत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हात आपोआप लांब जातो. सराव न देता घेतलेला पहिला आकडा भीतीचा असतो. तो फाइलमध्ये गेला, की महिन्याभराने होणारी वाढ व्यायामाने झाली की सरावाने, हे कुणालाच सांगता येत नाही.

सोबत कोण आणि कुठे उभं राहायचं, हा प्रश्न दुय्यम नाही. चाचणी माणसाला मुद्दाम त्याच्या तोलाच्या काठावर नेते. त्यामुळे एक जण भिंतीच्या विरुद्ध बाजूला, किंचित मागे, हात कंबरेजवळ पण न टेकवता तयार ठेवून उभा असावा. आकडा दुसऱ्याने वाचावा. एकट्याने दोन्ही करायला गेलं की नजर पट्टीकडे जाते आणि माणूस सुटतो. जोखीम जास्त वाटली तर कंबरेला पट्टा बांधा आणि पाठीमागे खुर्ची ठेवा. घरच्या घरी एकट्याने ही चाचणी करून बघू नका.

चुका कुठे होतात

सर्वांत जास्त चुका शेवटच्या नव्हे, पहिल्या नोंदीत होतात. हात समोर धरा म्हटलं की बरेच जण उत्साहाने खांदा आधीच पुढे काढतात, फरं तीन-चार सेंटीमीटर पुढे सरकलेलं असतं. मग पुढे जायला तेवढी जागा कमी राहते आणि आकडा विनाकारण खालचा येतो. उलट घाबरलेला माणूस सुरुवातीला टाचांवर रेलून उभा असतो, त्याचा आकडा फुगतो. उपाय एकच: सुरुवातीची नोंद घेण्याआधी बाजूने बघा. कान, खांदा आणि घोटा जवळपास एका रेषेत आहेत का? दोन्ही खांदे एकाच पातळीत आहेत का? नसतील तर एकदा हात खाली सोडायला सांगा, श्वास घेऊ द्या आणि पुन्हा उचलायला सांगा.

दुसरी चूक धड फिरवण्याची. एकाच हाताने पुढे जायचं म्हटलं की तो खांदा पुढे आणि दुसरा मागे असं धड वळतं, आणि तोल जराही पुढे न नेता आकडा बरेच सेंटीमीटर वाढतो. बर्ग बॅलन्स स्केलमध्ये म्हणूनच शक्य असेल तर दोन्ही हात समोर धरून पुढे जायला सांगतात. १४ कामं आणि ५६ गुणांच्या या मोजमापात पुढे हात नेण्याचं एक काम आहे. हात २५ सेंटीमीटरपेक्षा जास्त गेला तर ४ गुण, १२ पेक्षा जास्त तर ३, ५ पेक्षा जास्त तर २. जातो, पण कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, तर १. तोल गेला किंवा आधार लागला तर शून्य. मात्र तिथे मूठ नसते, बोटं सरळ असतात आणि बोटांच्या टोकाशी मोजतात. दोन्ही पद्धती एकाच फाइलमध्ये मिसळल्या की आकडे निरर्थक होतात. मूठ की बोटं, एक हात की दोन, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि त्या माणसासाठी शेवटपर्यंत तेच ठेवा.

टाच उचलू द्यायची की नाही, यावर एकमत नाही. मूळ पद्धतीत पाऊल टाकायचं नाही एवढी अट होती, हात कसा न्यायचा यावर बंधन नव्हतं. पुढे अनेकांनी टाचा टेकलेल्याच हव्यात अशी अट घातली. आम्हाला टेकलेल्या टाचांची पद्धत जास्त पटते. टाच उचलली की आधारक्षेत्र चवड्यांपुरतं उरतं आणि आपण वेगळंच काहीतरी मोजू लागतो. पण इथे आपल्याकडची एक अडचण आहे. साडीच्या निऱ्या जमिनीला टेकत असतील तर टाचा दिसतच नाहीत. गुडघा वाकला का, टाच उचलली का, सगळं कापडाआड होतं, आणि निऱ्या पायात अडकायचा धोका वेगळाच. निऱ्या घोट्याच्या वर खोचून घ्यायला सांगा, किंवा येतानाच सलवार-कमीज घालून या म्हणून आदल्या दिवशी निरोप द्या. धोतर आणि लुंगीलाही हेच लागू.

आकडा वाचण्यातही चूक होते. मूठ भिंतीपासून थोडी दूर असते, त्यामुळे तिरकं पाहिलं तर दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून मुठीच्या उंचवट्यापर्यंत आणला की हा प्रश्न मिटतो. हात जाताना खाली झुकला तर बहुधा माणूस कंबरेतून वाकतोय, ती फेरी सोडून पुन्हा घ्या. पाऊल हललं, भिंतीला हात टेकला किंवा कुणी सावरलं, तर तीही फेरी रद्द. पण रद्द झाली हे लिहा. पाच प्रयत्नांत तीन वेळा पाऊल निघालं, ही माहिती सरासरीइतकीच मोलाची आहे.

आकडा कसा वाचायचा

डंकन यांच्या मूळ अभ्यासात २१ ते ८७ वयाचे १२८ जण होते. २० ते ४० वयात पुरुषांची सरासरी सुमारे ४२ सेंटीमीटर आणि स्त्रियांची ३७. ४१ ते ६९ वयात पुरुष ३८, स्त्रिया ३५. सत्तरीपुढे पुरुष साडेतेहतीस आणि स्त्रिया जेमतेम २७. वय वाढलं की आकडा उतरतो, आणि उंचीचाही परिणाम होतो, हे त्याच अभ्यासात दिसलं.

१९९२ साली त्याच गटाने सत्तरीपुढच्या २१७ माजी सैनिकांचा सहा महिने मागोवा घेतला आणि त्या काळात कोण दोन किंवा अधिक वेळा पडलं ते पाहिलं. ज्यांचा हात १० इंच म्हणजे २५.४ सेंटीमीटर किंवा त्याहून पुढे जात होता त्यांच्याशी तुलना केली, तर ६ ते १० इंच जाणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण, संख्याशास्त्राच्या 'ऑड्स'च्या (पडलेले आणि न पडलेले यांच्या गुणोत्तराच्या) भाषेत, दुप्पट निघालं. ६ इंच म्हणजे १५ सेंटीमीटर किंवा कमी जाणाऱ्यांत चौपट, आणि ज्यांना हात पुढे नेताच येत नव्हता त्यांच्यात आठपट. दवाखान्यांत आज '२५' आणि '१५' हे जे दोन आकडे तोंडपाठ असतात ते इथूनच आलेले आहेत.

आता विचार करा, हे सगळे अमेरिकेतले वयस्क पुरुष होते. पाच फूटही उंची नसलेल्या आजींना तोच २५ चा दांडा लावून त्यांना धोक्याच्या यादीत टाकणं घाईचं आहे. त्यांचा हातच तोकडा, खांद्याची उंचीच कमी. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा २०१९ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात स्वतःच्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांची सरासरी २६.६ सेंटीमीटर आली, आणि वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी किंवा रुग्णालयात असलेल्यांची १५.४. म्हणजे हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांची सरासरीच २५ च्या काठावर आहे. त्यातल्या कित्येकांचा हात २५ च्या आत राहणार, आणि त्यांपैकी सगळेच काही पडणार नाहीत. आकडा माणसाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहणं जास्त उपयोगाचं.

ताडून पाहतानाही सबुरी हवी. एकाच माणसाची दोन दिवस चाचणी घेतली तरी आकडा थोडा मागेपुढे होतोच. पार्किन्सनच्या रुग्णांवरच्या २००८ च्या अभ्यासात असं दिसलं, की पुढे झुकून घेतलेल्या रीचमध्ये सुमारे ९ सेंटीमीटर आणि मागे रेलून घेतलेल्या रीचमध्ये सुमारे ७ सेंटीमीटर फरक पडला तरच तो खरा बदल मानता येईल. बावीसचे चोवीस झाले म्हणून घरच्यांना व्यायामाचा गुण आला असं सांगणं, किंवा चोवीसचे बावीस झाले म्हणून औषध बदलायला लावणं, दोन्ही चूक.

हात किती गेला, आणि कसा गेला

मघाच्या गणितातले उरलेले सेंटीमीटर इथे परत येतात. एकाच आकड्यामागे दोन अगदी वेगळी शरीरं असू शकतात. पहिला माणूस घोट्यातून अख्खा पुढे झुकतो. त्याच्या पायांची बोटं जमिनीला घट्ट रोवली जातात, पोटरीची शीर ताठ होते, ओळंबा खरोखर चवड्यांवर येतो. याला घोट्याची रीत म्हणू. दुसरा माणूस कंबरेतून वाकतो. डोकं आणि हात पुढे जातात, त्याच वेळी नितंब मागे जातात. पुढे गेलेलं वजन मागे गेलेल्या वजनाने भरून निघतं आणि ओळंबा जवळपास होता तिथेच राहतो. ही कंबरेची रीत. पट्टीवर दोघांचेही २४ सेंटीमीटर. पण पहिला आपल्या हद्दीच्या काठापर्यंत जाऊन परत आला, दुसऱ्याने काठाकडे पाहिलंसुद्धा नाही.

ही नुसती शंका नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००३ साली ज्येष्ठांची ही चाचणी फोर्स प्लेटवर घेतली. हात किती पुढे गेला आणि पावलांखालचा दाब किती पुढे सरकला, यांतलं नातं कमजोर निघालं. धड किती वाकलं, याच्याशी मात्र आकड्याचं नातं जास्त घट्ट होतं. त्याआधी १९९९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात अंतर्कर्णाच्या बिघाडाने तोल बिघडलेले लोक आणि निरोगी ज्येष्ठ यांची तुलना झाली होती. दोन्ही गटांच्या आकड्यांत फरक आढळला नाही, हालचालीच्या पद्धतीत मात्र वेगळेपण होतं.

म्हणून चाचणी घेताना एक नजर बाजूने पावलांवर आणि एक कंबरेवर हवी. नितंब मागे गेले का? गुडघे वाकले की मागे ताणले गेले? पायांची बोटं जमिनीला धरतायत की सुटी पडलीत? परत येताना माणूस सहज आला, की हात मांडीवर टेकवून आला? मोबाइलवर बाजूने काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ, अर्थात विचारून काढलेला, इथे फार कामी येतो. चार आठवड्यांनी तोच कोन, तेच अंतर ठेवून दुसरा काढला की आकड्यात न दिसलेला बदल डोळ्यांना दिसतो.

या निरीक्षणावरून पुढचे उपचार ठरतात. माणूस कंबरेची रीत वापरत असेल तर आधी घोटा तपासा. तो पुरेसा वाकतो का, पोटरीत ताकद आहे का, तळव्याला स्पर्श कळतो का. मधुमेहात तळव्याची जाणीव गेली असेल तर मेंदूला चवड्यावर वजन आल्याची खबरच मिळत नाही, मग शरीर घोट्यावर भरवसा ठेवत नाही. अशा वेळी ओट्याला धरून टाचा उचलण्याचे आणि घोट्यातून पुढेमागे डोलण्याचे व्यायाम उपयोगी पडतात. घोटा, ताकद आणि जाणीव सगळं ठीक असूनही हात जेमतेम १२ सेंटीमीटर जातो, तर बहुतेकदा मागे कधीतरी पडल्याची भीती बसलेली असते. समोर हाताच्या अंतरावर पलंग किंवा टेबल ठेवून तीच चाचणी पुन्हा घ्या. टेबलाला हात न लावताही आकडा एकदम वाढला तर उत्तर मिळालं. तिथे ताकदीच्या व्यायामाआधी विश्वासावर काम करायचं असतं.

पुढचाच काठ का, बाकीचे तीन?

माणूस फक्त पुढे पडत नाही. बाजूला पडलं की मार थेट खुब्यावर बसतो, आणि उतारवयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय हे बहुतेक घरांना माहीत आहे. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठाच्या रॉबर्टा न्यूटन यांनी २००१ साली मल्टी-डायरेक्शनल रीच टेस्ट मांडली ती यासाठीच. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे अशा चारही बाजू. त्यांच्या अभ्यासातल्या ज्येष्ठांचं सरासरी वय ७४ च्या आसपास होतं. पुढचा रीच साधारण २२ ते २३ सेंटीमीटर, मागचा जेमतेम १२, आणि बाजूंचा १७ च्या आसपास आला.

बाजूच्या रीचसाठी भिंतीकडे पाठ करून उभं करायचं, हात बाजूला ९० अंश उचलायचा आणि कंबर न वळवता त्या दिशेने न्यायचा. इथे पावलांमधलं अंतर फार महत्त्वाचं. पावलं चार बोटं जास्त फाकली की बाजूचा आकडा लगेच वाढतो, म्हणून जमिनीवरची खूण इथे टाळता येतच नाही. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर कारण शोधा. पक्षाघात असू शकतो, गुडघा दुखत असेल, खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील. मागच्या रीचसाठी हात समोरच धरायचा आणि मागे रेलायचं, मूठ पट्टीवर मागे येते ती मोजायची. पार्किन्सनमध्ये मागचा तोल विशेष बिघडतो, तिथे ही बाजू वगळू नये. पाठीमागे धरणारा माणूस असल्याशिवाय मात्र ती घेऊ नये.

उभंच राहता येत नसेल तर बसून घेता येते. मणक्याला इजा झालेल्यांसाठी १९९८ साली तिचं बैठं रूप तपासलं गेलं, आणि पक्षाघातानंतरही ते वापरतात. खुर्ची टणक हवी, पावलं जमिनीला टेकलेली, गुडघे काटकोनात. हात पुढे आणि दोन्ही बाजूंना.

एवढं सगळं केलं तरी चाचणीची एक मर्यादा राहतेच. माणूस स्वतः ठरवून, समोर पाहून, हळूहळू हात पुढे नेतो. न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावर पाय घसरतो, बसला अचानक ब्रेक लागतो, अंधारात उंबरा लागतो, तेव्हा ठरवायला वेळ नसतो. त्या वेळी झटकन पाऊल टाकण्याची ताकद लागते आणि ती इथे मोजलीच जात नाही. म्हणून एकट्या रीच टेस्टवरून कुणाला 'पडणार' किंवा 'पडणार नाही' असं सांगू नये. सोबत खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत बसण्याची टाइम्ड अप अँड गो चाचणी घ्या. एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं ते बघा. आणि गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, हे विचारा. पुन्हा पडण्याचा अंदाज बांधायला हा प्रश्न फार उपयोगी आहे. मात्र उत्तर घरच्या माणसांसमोर एक आणि एकट्याने विचारल्यावर दुसरं येऊ शकतं, तेव्हा दोन्ही वेळा विचारा.

फाइलमध्ये नोंद करताना नुसतं 'रीच २३.८' लिहिलं तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. नोंद साधारण अशी हवी: 'पुढचा रीच, उजवा हात, मूठ, अनवाणी, पावलांत १० सेंमी अंतर, टाचा टेकलेल्या. सराव २, मोजलेल्या ३: २३, २४.५, २४, सरासरी २३.८ सेंमी. एक फेरी रद्द, डावं पाऊल निघालं. कंबरेची रीत, नितंब मागे, पायांची बोटं सुटी. सकाळी ११, पार्किन्सनची गोळी घेऊन दीड तास.' शेवटचा तपशील विसरू नका. गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर त्याच माणसाचा आकडा वेगळा येऊ शकतो, त्यामुळे पुढची चाचणी गोळीनंतर तेवढ्याच वेळाने घ्यायची.